गच्चीवरचं लाकूड पावसात टिकतं का?

घरी आलेलं माणूस आतल्या खोलीच्या दारातून गच्चीवर पाऊल ठेवतं आणि पायाखाली बघत विचारतं, "मुंबईच्या पावसात हे लाकूड टिकतं का हो?" इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळंच सविस्तर सांगते.

टिकतं. पण आमचा पहिला डेक, म्हणजे गच्चीवर उचलून बसवलेली फळ्यांची जमीन, दोन पावसाळ्यांत कुजला, हेही सांगायला हवं.

आम्ही पार्ल्यात राहतो. फ्लॅटला लागून आमची १० बाय १२ फुटांची गच्ची आहे आणि दाराला ५ इंचांचा दगडी उंबरा. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि तिला तो उंबरा ओलांडवेना. वर्षानुवर्षं पहाटेचा चहा गच्चीत घेणारी आई दाराच्या आत खुर्ची टाकून बसू लागली. उंबरा फोडला असता तर पावसाचं पाणी घरात आलं असतं. म्हणून गच्चीच उंबऱ्याइतकी उचलायची ठरवली.

पहिल्या वेळी मिस्त्रींनी रिपा आडव्या टाकल्या आणि ड्रिल मारून थेट कोब्यात घट्ट केल्या. वर फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या, मेलामाइन पॉलिश मारलं. दिसायला सुरेख झालं होतं. पण गच्चीला पाण्यासाठी ढाळ असतो, आणि आडव्या रिपांनी तो ढाळ जागोजागी अडवला. प्रत्येक रिपेमागे पाणी तुंबून राहिलं. उन्हाने पॉलिशला बारीक चिरा गेल्या, त्यातून आत गेलेलं पाणी बाहेर पडेना. दुसऱ्या पावसाळ्यात फळ्या खालून काळ्या पडल्या. त्याहून वाईट म्हणजे ड्रिलच्या भोकांतून ओल उतरून खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. त्यांनी आवाज चढवला नाही, पण त्या छताकडे बघताना मला फार लाज वाटली. सगळं काढलं, वॉटरप्रूफिंग नव्याने करून घेतलं, काकूंच्या छताला रंग दिला, आणि मग वर्षभर मी फक्त लोकांना विचारत फिरले.

त्यातून कळलं ते असं. सांताक्रूझला पावसाळ्यात सरासरी २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण चांगला साग तेवढ्याने कुजत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणजे लाकूड भिजू दे, त्याला लवकर वाळता आलं पाहिजे. खालून वारा हवा, पाण्याला वाट हवी.

लाकूड घ्यायला रे रोडच्या वखारींत गेले. मुंबईत जुन्या चाळी पडतात तेव्हा त्यांतल्या बर्मा सागाच्या तुळया आणि वासे विकायला येतात. मी तेच घेतलं, आणि आजही तेच घ्या म्हणेन. इतकी वर्षं छताखाली मुरलेलं लाकूड नव्या सागासारखं वाकत नाही. फक्त गाभ्याचं निवडा. सालीलगतचा पांढरट भाग वाळवी आणि बुरशी आधी धरतो. करवतीखाली घालण्याआधी मोठं लोहचुंबक फिरवून जुने खिळे शोधा. पहिला रंधा फिरला तेव्हा आतून निघालेला तो तांबूस रंग आणि वास मी विसरणार नाही. कुणाच्या तरी घराचं ते छत होतं.

दुसऱ्या वेळी वासे ढाळाच्या दिशेने उभे टाकले. त्यांच्याखाली ओट्याच्या ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे आणि वर रबर. ढाळ १०० ला १, त्यामुळे १२ फुटांत जवळजवळ दीड इंचाचा फरक पडतो. दाराशी तुकडे कमी, पाणी जायच्या जाळीकडे जास्त, असं करून पाणसळीने वरची पातळी सारखी केली. कोब्यात एकही स्क्रू नाही. फळ्यांत ६ मिलिमीटरची फट आहे. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत फुगतं, त्याला तेवढी जागा लागते. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे गंजतात आणि फळीवर काळे डाग पाडतात. पाणी फटींतून खाली जातं, त्यामुळे पाण्यासाठी उंबरा अजून आहे, आईच्या पायांसाठी नाही.

वजनाचीही विचारणा होते. माझ्या हिशेबाने सगळं मिळून २५० किलोच्या आसपास, तेही पूर्ण गच्चीवर पसरलेलं. कुंड्यांची काळजी जास्त करा. एक घनफूट ओली माती ४५ किलोच्या वर जाते. तरी आमची इमारत ३० वर्षांपुढची, म्हणून सोसायटीला पत्र दिलं आणि इंजिनिअरना दाखवूनच काम सुरू केलं. तुम्हीही तसंच करा. आणि कठडा विसरू नका. डेक वर आला की कठडा तेवढाच खाली जातो. आम्ही वर स्टीलचा पाइप लावून घेतला.

शेवाळ धरतं. पावसाळ्यात दर आठवड्याला ताठ ब्रशने घासावं लागतं, आणि घासल्याशिवाय मी आईला बाहेर जाऊ देत नाही.

सगळा डेक २ बाय ४ फुटांच्या सुट्ट्या चौकटींचा आहे, दोन माणसं मिळून उचलू शकतात. मे महिन्यात आम्ही सगळ्या उचलतो, खालचा पाला काढतो, जाळी साफ करतो, कोब्याला चीर गेलीय का बघतो, फळ्यांना डेकिंगचं तेल देतो. करायचा विचार असेल तर तेव्हाच या. वरून बघून फारसं कळणार नाही, उचललेला असताना सगळं दाखवते.