एकांकिकेची मेकअप पेटी: काय कुठे ठेवायचं

ऑगस्ट आणि पुरुषोत्तम करंडक, म्हणजे पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, जवळ आली की ज्युनिअर पोरापोरींचे मेसेज चालू होतात, ताई पुरुषोत्तमसाठी मेकअपचं काय काय आणू यादी दे ना. यादी कुणीही देईल हो. सामान सगळ्यांकडे असतंच, फक्त ऐन वेळी सापडत नाही. 1963 पासून चालू असलेली स्पर्धा, भरत नाट्य मंदिराचा ग्रीनरूम, एकापाठोपाठ एकांकिका, बाहेर पाऊस, आत दहाबारा नट एकाच आरशात घुसलेले आणि कोणीतरी ओरडतंय "स्पिरिट गम कुठंय???" (दाढी-मिशा चिकटवायचा गोंद), हे दरवर्षीचं आहे.

तर माझं मत असं की पेटी वस्तूंच्या जातीप्रमाणे लावायचीच नाही. म्हणजे सगळे ब्रश एकीकडे, सगळ्या पेन्सिली एकीकडे, हे दिसायला छान दिसतं पण कामाच्या वेळी हात चार खणांत फिरतो. चेहऱ्यावर जो क्रम तोच पेटीत. वरच्या ट्रेमध्ये चेहरा पुसायचं आणि बेसचं, म्हणजे ओले वाइप्स, मॉइश्चरायझर, पेंट स्टिक (बेसच्या रंगाची कांडी), पॅनकेक (डबीतला, ओल्या स्पंजने लावायचा बेस), स्पंज. त्याखाली रेषा आणि सावल्या, आयब्रो पेन्सिल, काजळ, लाली, गडद ब्राऊन, आणि ते लावायचे ब्रश तिथेच. त्याखाली केसांचं, म्हणजे क्रेप (दाढी-मिशांचे नकली केस), स्पिरिट गम, कात्री. पावडर आणि पफ वेगळ्या डब्यात, कारण पावडर सांडतेच. आणि तळाला मेकअप उतरवायचं सामान, ते शेवटी लागतं.

पेटी महागडी व्हॅनिटीच हवी असं काही नाही. हार्डवेअरच्या दुकानात प्लंबर-इलेक्ट्रिशियन लोकांचा ट्रेवाला प्लास्टिकचा टूलबॉक्स मिळतो तो बेस्ट, पडला तरी फुटत नाही, पुसता येतो. ब्रश, पफ, पेन्सिली तुळशीबागेत मिळतात. बेसमध्ये मात्र कंजूषी नको. क्रायोलानची (1945 पासूनची बर्लिनची कंपनी) पेंट स्टिक महाग वाटते पण पुरते खूप, आणि ग्रुपमध्ये जेवढ्या त्वचा तेवढ्या शेड लागत नाहीत, तीन चांगल्या शेड घेतल्या तर मिक्स करून बहुतेक सगळे चेहरे निभावतात. आणि प्लीज सगळ्यांना गोरं करू नका. शेतमजूर आहे, भर उन्हातला सीन आहे आणि चेहरा पिठात बुडवल्यासारखा, मान वेगळ्या रंगाची, हे अजूनही बघायला मिळतं.

मिक्स करायला घरातली स्टीलची ताटली घ्या. स्टिकमधून छोट्या चमच्याने थोडा रंग काढून ताटलीत घ्यायचा, स्टिक थेट गालावर घासायची नाही, कारण तीच स्टिक पुढच्याच्या गालावर जाणार आहे. स्पंज प्रत्येकाचा स्वतःचा. काजळ आणि लिपस्टिक तर अजिबात शेअर नाही, डोळे आले की अख्खा ग्रुप लाल डोळ्यांनी प्रयोग करतो. आमच्याकडे प्रत्येक नटाची एक झिपवाली पिशवी असते, वर मार्करने कॅरेक्टरचं नाव, आत त्याचा स्पंज, काजळ, लिपस्टिक. कोकणात दशावतारात नट आपला रंग आपणच लावतात, मला ते फार आवडतं. निदान बेस तरी ज्याचा त्याने लावावा, मग मेकअप करणाऱ्याला म्हातारपण, जखमा, दाढ्या यांना वेळ मिळतो.

पावसाळ्यात दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पॅनकेक ओल्या स्पंजने लावतात, तो ओला असतानाच डबी बंद केली की आत बुरशी येते, म्हणून प्रयोग झाल्यावर झाकण उघडं ठेवून वाळवायचा आणि मगच पेटीत. स्पंजचंही तेच. दुसरं म्हणजे स्पिरिट गम. लावल्या लावल्या क्रेप चिकटवला तर घामाने मिशी सरकते, आधी बोटाने टपटप करून चिकट तार सुटेपर्यंत थांबायचं मग क्रेप दाबायचा. क्रेपची लड दोरीत विणलेली येते, सोडवल्यावर कुरळी असते, आदल्या रात्री ओली करून ताणून वाळवून ठेवा. आणि गमात अल्कोहोल असतं, पेटतं ते! रंगमंचाच्या पूजेची उदबत्ती बरेचदा मेकअपच्या टेबलावरच खोचलेली असते, ती तिथून उचला. कुणाच्या त्वचेला चालतं-नाही चालतं ते आदल्या दिवशी कानामागे लावून बघायचं, प्रयोगाच्या दिवशी नाही.

पेटीशिवाय एक विंगेतली पिशवी वेगळी लागते आणि ती एका माणसाच्या गळ्यातच हवी. पावडर-पफ, टिश्यू, गमची छोटी बाटली, सेफ्टी पिना, छोटा टॉर्च, रक्त. रक्ताच्या बाटल्या दोन. एक तोंडात चालणारी, मध किंवा ग्लुकोज सिरप, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको (कोको नसेल तर ते सरबत दिसतं). दुसरी फक्त कपड्यांसाठी, तिच्यात थोडा शाम्पू घातला की डाग धुवायला सोपं जातं. दोन्हीवर मोठ्या अक्षरात लिहा, अंधारात शाम्पूवालं तोंडात गेलं तर मरणाच्या सीनला फेस येईल.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा, कॅरेक्टर, बेसची शेड, काय काय लावायचं, कुठल्या एन्ट्रीआधी काय बदलायचं. तालमीत एकदा स्टेजच्या लाइटखाली फोटो काढून ठेवा, ग्रीनरूमच्या ट्यूबखाली बघून काही कळत नाही. लाल लाइटमध्ये गालाची लाली गायब होते, हिरव्यात तीच काळपट दिसते, म्हणून लाइटवाल्याशी आधी बोला.

उतरवायला बेबी ऑइल किंवा खोबरेल (थंडीतल्या स्पर्धांना खोबरेल थिजतं, बाटली आधी गरम पाण्यात ठेवा) आणि जुन्या सुती साडीचे तुकडे. टिश्यूने पुसलं तर त्याचे कपटे दाढीच्या खुंटांना तोंडभर चिकटतात. चिकटवलेली दाढी ओढून काढू नका, रिमूव्हर लावा, थांबा.

विगचं इथे लिहिलं नाही कारण विग आणि गंगावनं आम्ही भाड्यानेच आणतो. फक्त आणायला जाताना क्रेपची लड सोबत न्या आणि दोन्ही दुकानाबाहेर उजेडात धरून बघा, आतल्या ट्यूबखाली सगळेच काळे केस सारखे दिसतात.