तुम्ही विचारलंत म्हणून: मोहरी, जटामांसी आणि बंद पंखे

नाताळच्या सुमारास दुसऱ्या मंडळ्यांतली, म्हणजे दुसऱ्या चर्चमधली, माणसं आमच्याकडे पाहुणी येतात. उपासना संपते, सगळ्यांना सलाम करून होतो आणि चहाचा कप हातात येतो न येतो तोच प्रश्न येतो: "ताई, लहान पोरं आणि आजी-आजोबा एकाच उपासनेत सव्वा तास बसवता कसे? आणि वास, चव, स्पर्श उपासनेत आणायच्या ह्या कल्पना आणता कुठून?" फोनवरही हेच विचारतात, तेही बहुतेक वेळा शनिवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे लहानमोठ्या सगळ्यांची एकत्र, कौटुंबिक उपासना असताना. शनिवारी विचारणाऱ्याला मी एवढंच सांगते की गीतं ओळखीची घ्या आणि संदेश, म्हणजे प्रवचन, आखूड ठेवा. खरं उत्तर लांब आहे, आणि ते माझ्या फजितीपासून सुरू होतं.

आमची मराठी मंडळी मध्य मुंबईतली. देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) जुनं, बाकं जमिनीला ठोकलेली, छताला लांब दांड्यांचे पंखे. सकाळी आठ ते सव्वानऊ आमची वेळ. साडेनऊला त्याच बाकांवर दुसऱ्या भाषेची मंडळी बसते. मुंबईत हे बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे जे काही मांडाल ते पंधरा मिनिटांत उचलता आलं पाहिजे. ह्या एका अटीने आम्हाला जितकं शिकवलं तितकं कुठल्या शिबिरात शिकले नाही.

पहिल्यांदा उपासनेची आखणी माझ्याकडे आली तेव्हा मी पाच ज्ञानेंद्रियांसाठी पाच कोपरे केले होते. एकीकडे वाळू, एकीकडे घंटा, एकीकडे मध, प्रोजेक्टरवर समुद्राच्या लाटा, मुलांचं हातवारे करून गायचं गीत. पोरं इकडून तिकडे धावत होती, तरुण संघाची मुलं त्यांच्यामागे, आणि वयस्कर माणसं बाकांवर बसून पोरांचं कौतुक बघत होती. लग्नात नाच बघतात तसं. शेवटी एक वडीलधारे गृहस्थ दाराशी माझा हात हातात घेऊन मनापासून म्हणाले, "आजचा कार्यक्रम फार छान झाला हो." टोमणा नव्हता तो. म्हणून तर जास्त लागला. त्या दिवशीचा शास्त्रभाग (वाचायचा बायबलमधला उतारा) कुठला होता ते मला स्वतःलाच घरी येऊन वहीत बघावं लागलं.

त्यानंतर मी वस्तू शोधत बाजारात जायचं सोडलं. आता सहा आठवडे आधी चौघं बसतो: नऊ वर्षांची एक मुलगी, कॉलेजातला एक मुलगा, मी, आणि सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी. शास्त्रभाग तीनदा मोठ्याने वाचायचा, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाने. अर्थ कोणी सांगायचा नाही. विचारायचं एवढंच की काय दिसलं, काय ऐकू आलं, वास कसला आला, हाताला काय लागलं. पवित्र शास्त्र ह्या बाबतीत फार उदार आहे. बहुतेक वेळा वस्तू त्यातच ठेवलेली असते. कधी कधी ती भाषांतरात हरवते. चौतिसाव्या स्तोत्रात आपण "परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घेऊन पाहा" असं वाचतो. मूळ इब्रीत (हिब्रूत) तिथे चाखण्याचं क्रियापद आहे. चाखून बघा, असं स्तोत्रकार दावीद म्हणतोय! "अनुभव" हा शब्द चुकीचा नाही, पण त्याने तोंडाला पाणी सुटत नाही. आणि एखाद्या भागात काहीच हाताला लागलं नाही, तर त्या रविवारी नुसतं वाचायचं आणि गायचं. ओढून ताणून काही आणायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम, एका उपासनेत एकच वस्तू. तिसऱ्या नियमावरून अजून पाळकसाहेबांशी, म्हणजे आमच्या पास्टरांशी, माझा वाद होतो. वस्तू समोर आली की तिचं स्पष्टीकरण द्यायचं नाही, असं माझं म्हणणं. "हे मीठ म्हणजे आपली साक्ष" असं कोणी म्हणालं की मिठाची चव गेलीच म्हणून समजा. संदेश देणाऱ्याला गप्प बसवणं हे ह्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. (पाळकसाहेब हे वाचणार आहेत. सलाम, साहेब.)

जटामांसीचं सांगते, म्हणजे माझं म्हणणं कळेल. योहानाच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, बेथानी गावातल्या घरी मरीया येशूच्या पायांना मोलवान सुगंधी तेल लावते, आपल्या केसांनी ते पाय पुसते आणि घर वासाने भरून जातं. आपल्या मराठी भाषांतरात त्या तेलाचं नाव जटामांसी आहे. मी हा भाग पन्नास वेळा तरी ऐकला असेन, आणि तेवढ्याही वेळा माझ्या नाकात गुलाबपाणी होतं. आमच्या नऊ वर्षांच्या सभासदाने विचारलं, "जटामांसी म्हणजे कसला वास?" कोणालाच माहीत नव्हतं. दादरला काष्ठौषधीच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने न विचारता पुडी बांधली. हिमालयात उगवणारं रोप, त्याची केसाळ, जटेसारखी मुळं. पहिल्या शतकात ही मुळं व्यापाराच्या वाटेने पार पॅलेस्टाइनपर्यंत जायची, म्हणून तर तेलाची किंमत तशी. घरी तिळाच्या तेलात मंद आचेवर ठेवली, आणि अर्ध्या तासाने शेजारीण विचारत आली की तुमच्याकडे कोणी आजारी आहे का.

वास गोड नाहीच. मातीचा, ओला, थोडा उग्र, जुन्या कपाटासारखा. मी जरा हिरमुसले. पण बदलायचं नाही असं ठरलं.

उपासनेच्या दिवशी मधल्या वाटेवर एक पितळी परात ठेवली. वाचन कॉलेजातल्या मुलाकडे होतं. तेल ओतण्याच्या ओळीला महिला मंडळाच्या एका ताईंनी मातीच्या कुंडीतलं तेल परातीत ओतलं, इतकंच. एरवी आमच्या मेणबत्त्या विझवणारे पंखे त्या दिवशी कामाला आले. अर्ध्या मिनिटात वास शेवटच्या बाकापर्यंत गेला. पोरांनी नाकं दाबली. "ई, घाण!" एकजण स्पष्ट बोलला, आणि कोणी त्याला गप्प केलं नाही, कारण तसं आधी ठरलं होतं. मग येशूचा शिष्य यहूदा याचं वाक्य आलं, हे तेल तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिलं नाही. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. तिथे वाचन थांबवलं आणि तीनशे दिवसांचा हिशेब ज्याने त्याने करायचा, एवढीच सूचना होती. आमच्यात रंगकाम करणारे एक बंधू आहेत, रोजंदारीवर जातात. ते शेजारच्याला हळूच म्हणाले, "म्हणजे माझं अख्खं वर्ष की." हळू म्हटलं तरी ऐकू गेलं सगळ्यांना.

शेवटच्या गीताच्या आधी तिसऱ्या बाकावरच्या एक आजी उठल्या. त्या सहसा बोलत नाहीत. म्हणाल्या, "हा माझ्या आईच्या केसांचा वास आहे. आई माका नि जटामांसी घालून तेल काढायची." मग थोडं थांबून, "तिने केसांनी पाय पुसले ना. म्हणजे पुढे किती दिवस तिच्याही केसांना हा वास राहिला असेल." आणि त्या बसल्या. पाळकसाहेबांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. त्या रविवारी संदेश झाला नाही.

आता मला सांगा, ही उपासना मुलांसाठी होती की मोठ्यांसाठी? संवेदनांची उपासना म्हणजे पोरांना गुंतवून ठेवायची युक्ती, असं जे समजतात त्यांच्याशी माझं इथेच बिनसतं. नाकाची आठवण जितकी जुनी तितकी तिखट. ज्यांना ऐकू कमी येतं, अक्षरं दिसत नाहीत, त्यांना संदेशापेक्षा परात जास्त जवळची. आणि संदेशाच्या वेळी पोरांना संडे स्कूलच्या खोलीत पाठवायची पद्धत मला कधीच पटली नाही. ती "ई" म्हणणारी पोरं तिथे नसती, तर आजी उठल्या असत्या का? मला शंका आहे.

"हे सगळं परदेशी खूळ" असंही ऐकावं लागतं. गंमत आहे. टाळ-मृदंग, गायन, आख्यान, मध्येच श्रोत्यांना म्हणायला लावणं, हे आपल्या ख्रिस्ती कीर्तनात एकोणिसाव्या शतकापासून आहे. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ते केलं, ना. वा. टिळकांनी केलं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली इथे मुंबईतच झाला, आणि "उपासना संगीत" हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी ते भेटतात. ओवी, अभंग, साकी आपल्या कानांना आधीच ठाऊक असतात. त्याही आधी, 1616 साली, गोव्यातल्या इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा पुराणाच्या ओवीत बसवली होती. मग तासभर हलायचं नाही आणि फक्त समोरच्याचं ऐकायचं, ही शिस्त आपण कुठून आणली ते ज्याने त्याने शोधावं. उदबत्तीबद्दल मात्र मी वाद घालत नाही. काहींना ती देवळात खटकते, काहींना तिने दम लागतो. दुसरं कारणच पुरेसं आहे. तेल चालतं, धूर नको.

चुका अजूनही होतात. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन आमच्याकडे येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांची उपासना असते. मुंबईतली एप्रिलची दुपार. पाचव्या उद्गाराला, "मला तहान लागली आहे," तेव्हा सगळे पंखे बंद करायचे असं आम्ही ठरवलं. पंख्यांची घरघर थांबली की लोकलचा आवाज थेट आत येतो, आणि मानेवरून घाम उतरायला लागतो. पाचेक मिनिटं तसंच बसायचं. विलक्षण होतं ते. पण कोणाला आधी सांगितलं नव्हतं, आणि चौथ्या मिनिटाला उपास असलेल्या एक बाई चक्कर येऊन बाजूच्या मुलीच्या अंगावर कलंडल्या. त्यांना काही झालं नाही, पण चूक माझी होती. दुसऱ्याची तहान दाखवायला निघाले आणि बाकावर बसलेल्यांची तहान विसरले. आता दाराशीच सांगतो, पंखे दोनच मिनिटं बंद असतात, भिंतीकडचे दोन चालूच राहतात, आणि पाणी हाताशी असतं. मोठा आवाज किंवा गर्दी सोसत नाही अशी दोन मुलं आमच्यात आहेत, त्यांच्या आयांना काय होणार ते आठवडाभर आधी कळवतो. आश्चर्याचा धक्का देण्याची हौस तेव्हापासून गेली.

मोहरीच्या वेळची चूक वेगळी. मार्काच्या शुभवर्तमानातल्या मोहरीच्या दाण्याच्या दाखल्याला (दृष्टांताला) प्रत्येकाच्या तळहातावर एकेक दाणा ठेवला आणि शेवटपर्यंत सांभाळायला सांगितला. दहा रुपयांत सगळी मंडळी. एका आजोबांना मधुमेहाने बोटांची जाणीव गेलेली. दाणा हातात आहे की नाही हेच त्यांना कळेना. स्पर्श सगळ्यांना सारखाच मिळतो असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनीच तोड काढली. दाणा तोंडात टाकला, चावला आणि नातवाला म्हणाले, "अजून झोंबते बघ." पाठोपाठ दोन बाकं मोहरी चावत होती. बाकीच्यांपैकी अर्ध्या लोकांचा दाणा दुसऱ्या गीताआधीच पडला होता. वाकून शोधायला लागले सगळे, आणि बाकांखाली चार वर्षांचे आणि साठ वर्षांचे समोरासमोर आले. तेही ठरवलेलं नव्हतं.

साडेनऊच्या मंडळीला मात्र बुटांखाली मोहरी लागली, आणि तक्रार देवळाची व्यवस्था बघणाऱ्या काकांकडे गेली. बाकांच्या फटींतून पुढे महिनाभर दाणे निघत होते. तेव्हापासून शनिवारी मी चावी घ्यायला गेले की काका आधी झाडू दाराशी आणून ठेवतात आणि विचारतात, "ह्या वेळी काय सांडणार?"

पुढच्या महिन्यात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे, "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा" हा भाग. भाईंदरचं एक कुटुंब मिठागरातलं खडेमीठ आणून देणार आहे, एक अख्खं पोतं. काकांना अजून सांगितलेलं नाही.