आमची वाटचाल : लवणारी चासी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यात पहिलं जिग, म्हणजे चासीच्या नळ्या जागेवर धरून जोडायचा साचा, अजून जागेवर आहे. १६ मिमीची प्लेट, प्लेनरवर मारून सपाट करून घेतलेली, खाली चॅनेलचे पाय. गो-कार्टची चासी जमिनीवर विटा लावून जोडणारे पुष्कळ आहेत. तशी चासी चार चाकांवर कधीच सारखी बसत नाही.

आमचं माप सुरुवातीपासून तेच आहे : व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १०४० मिमी, मुख्य नळी बाहेरून ३० मिमी, जाडी २ मिमी, सीमलेस म्हणजे बिनशिवणीची. मागचा ॲक्सल ४० मिमी. बंपरसकट एका चासीला सहा मीटरच्या दोन नळ्या लागतात. बाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी घेतली की आतल्या अंगाला सुरकुती पडते. ती ग्राइंडरने लपवू नका, नळी बदला.

जम बसला तेव्हाच आमच्याच मापांवर टेप धरून एकाने चासी काढली. नळी ३ मिमीची घातली, मजल्याला दोन तिरक्या पट्ट्या मारल्या आणि ‘यांच्यापेक्षा मजबूत’ म्हणून स्वस्तात विकली. गिऱ्हाईक वजन बघून भुललं. कार्टला सस्पेन्शन नसतं, चासीच सस्पेन्शन असते. मागचा ॲक्सल अखंड, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. मग वळणात आतलं मागचं चाक जरासं उचललं गेलंच पाहिजे, नाहीतर गाडी सरळ ओढते आणि इंजिन दमतं. ते उचलण्याचं काम कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागे कललेला कोन, करतो (आम्ही १२ अंश ठेवतो) आणि किती उचलायचं ते नळीचं लवणं ठरवतं. आवळून टाकलेली चासी वळणात मागून उड्या मारते आणि खडबडीत ट्रॅकवर एक चाक अधांतरी ठेवून पळते. हे सांगून सांगून आमचा घसा बसला, पण ऑर्डरी गेल्या त्या गेल्या.

त्याच हंगामात खरा घाव बसला. एका पुरवठादाराने सीमलेसच्या नावाखाली शिवणीची ईआरडब्ल्यू नळी दिली. सहा चासी तयार झाल्या आणि बाकांवर शिवण उकलली. टोकातून आत बोट फिरवलं असतं तर शिवणीची कड हाताला लागली असती. तेवढं राहिलं. नाइलाजाने ईआरडब्ल्यू वापरलीच, तर शिवण बाकाच्या बाहेरच्या अंगाला कधीच येऊ देऊ नका, बाजूला ठेवा. सहाच्या सहा चासी आम्ही परत घेतल्या आणि कापून भंगारात दिल्या. गाळ्याचं भाडं चार महिने थकलं.

त्या वेळी सांगलीकडचे एक ट्रॅकवाले काका तेवढे थांबले. पैसे परत मागितले नाहीत, उलट जुनी एक चासी पाठवली : ‘ही का तडकली ते आधी बघा.’ तडा बेअरिंगच्या हँगरपाशी, म्हणजे मागचा ॲक्सल धरणाऱ्या ब्रॅकेटपाशी होता. आम्ही गसेटचं (जोडाला आधार देणाऱ्या पट्टीचं) वेल्डिंग नळीभोवती आडवं गुंडाळत होतो आणि नळी लवली की सगळा ताण त्या रेषेवर येत होता. तेव्हापासून वेल्डिंग नळीच्या लांबीने सोडतो आणि शेवटचे १० मिमी मोकळे ठेवतो. काकांच्या चासी पुन्हा तिथे तडकल्या नाहीत.

पुढची वर्षं नीट गेली.

नवीन पोरांना एवढं सांगतो. नॉच, म्हणजे नळीच्या टोकाची गोल खाच, होल सॉने काढा, फट १ मिमीच्या आत हवी. आधी सगळीकडे टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीच्या वर असेल तर टॅक तोडा. सीओटू वेल्डिंगला ०.८ मिमीची तार, ८० अँपिअरच्या आसपास. एका कोपऱ्यात मारलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात जा, एका बाजूने मारत गेलात तर चासी पिळते. स्टबच्या (पुढचं चाक बसतं त्या तुकड्याच्या) सी-ब्रॅकेटमध्ये स्पेसर घालून बोल्ट आवळा, नाहीतर जबडा मिटतो आणि किंगपिन (चाक वळायची खिळ) जात नाही. हँगर जोडताना बेअरिंगऐवजी पितळी बुश आणि ४० मिमीचा सरळ बार घाला. खऱ्या बेअरिंगमधून करंट गेला की गोळ्यांवर टिपके पडतात आणि ॲक्सल पहिल्या दिवसापासून गुरगुरतो. आणि गार होईपर्यंत चासी जिगवरून सोडू नका. आमच्याकडे ती रात्रभर तिथेच असते, सकाळी क्लॅम्प निघतात आणि कर्ण पुन्हा मोजले जातात.