फाशी दिली की जरब बसते का?

मी गुन्हेगारीशास्त्र शिकवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, "सर, दोनचार जणांना भर चौकात लटकवलं तर बसेल की नाही जरब?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, बसेल थोडीफार, पण तुम्हाला वाटते तेवढी नाही, कारण गुन्हा करणारा पुष्कळदा रागात नाहीतर नशेत असतो, हिशोब करतच नाही, आणि केलाच तर किती वर्षं आत जाईन असा नाही, "मी कशाला सापडतोय" असा करतो. बेकारिया नावाच्या इटालियन माणसाने १७६४ सालीच लिहून ठेवलंय की शिक्षा किती कडक यापेक्षा ती नक्की आणि लवकर होणार का, यावर सगळं आहे.

उलट शिक्षा फार भयंकर केली की ती व्हायचीच बंद होते. इंग्लंडमध्ये एके काळी २०० च्या वर गुन्ह्यांना फाशी होती, राहत्या घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तरी फाशी! मग ज्युरीतली, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारी साधी माणसं काय करायची, समोर चांगली महागाची वस्तू दिसत असताना तिची किंमत ३९ शिलिंग लावायची, चोराचा जीव वाचवायला. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात.

गुन्हेगाराच्या सुधारणेचं म्हणाल तर तिची बदनामीच जास्त झाली. मार्टिनसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये कैदी सुधारायच्या कार्यक्रमांवर लिहिलं, लोकांनी "काहीच उपयोग नाही" एवढंच उचललं, १९७९ मध्ये त्यानेच शब्द मागे घेतले, काहींचा होतो म्हणाला, पण ते ऐकायला कोण थांबलंय.

आता मी उलट विचारतो, समजा फाशीने एकही गुन्हा कमी होत नाही हे सिद्ध झालं, मग मत बदलाल? बहुतेक जण म्हणतात छे, त्याने केलंयच तसं. अहो मग ही जरब नाही, परतफेड आहे, सरळ तसं म्हणा ना! जर्मन तत्त्वज्ञ कांट तर म्हणायचा, बेटावरचा समाज उद्या मोडून सगळे पांगणार असले तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी फाशी द्या. मला एवढं टोकाचं पटत नाही, पण एखाद्या गुन्ह्याची बातमी वाचून माझंही डोकं फिरतंच. फक्त परतफेडीला माप असतं, ज्याने केलं त्यालाच आणि केलं तेवढंच. जरबेला ते नाही, तिच्या हिशोबात निरपराध माणूस लटकला तरी चालतं, लोकांना तो दोषी वाटला म्हणजे झालं.