फळ्या काढण्याचा दिवस

गोव्यातील सत्तरी तालुक्यात म्हादई नदीला मिळणाऱ्या ओहोळांवर जे छोटे वसंत बंधारे आहेत, त्यांतील काहींची देखरेख माझ्याकडे आहे. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत लाकडी फळ्यांच्या दोन रांगा बसवायच्या, मधल्या पोकळीत माती ठासायची आणि अडलेल्या पाण्यावर मे अखेरपर्यंत कुळागरांतील, म्हणजे इथल्या बागांतील, माडा-पोफळींचे पाट चालू ठेवायचे. पाऊस येण्याआधी त्या सगळ्या फळ्या काढून ओहोळ मोकळा करायचा. काम साधे आहे, पण त्याची वेळ चुकली तर काय होते, ते मी जूनच्या पहिल्या आठवड्यातील एका सकाळी पाहिले.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. कुळागरवाल्यांनी आणखी दहा दिवस पाणी अडवून ठेवण्याची विनंती केली, ती मला रास्त वाटली आणि मी मुदतवाढीच्या टिपणावर सही केली. दहा दिवस संपले तोवर मजूर आपापल्या गावी निघून गेले होते, आणि मग रात्रभर पाऊस कोसळला.

सकाळी सातला मी पोहोचले तेव्हा गढूळ पाणी फळ्यांच्या माथ्यावरून खाली आदळत होते आणि खालच्या डोहात मासे उसळत होते. पहिल्या पुरासरशी हे मासे मोठ्या नदीतून ओहोळात आणि ओहोळातून पाणी भरलेल्या शेतांत चढतात, कारण तिथल्या उथळ, संथ पाण्यात गवताच्या आधाराने अंडी घालता येतात आणि मोठे शिकारी मासे तिथवर सहसा येत नाहीत. इथे मात्र अंड्यांनी पोट फुगलेल्या माद्या फळ्यांवर आदळत होत्या, डोहात पडत होत्या आणि पुन्हा उसळी घेत होत्या. काठावर माणसे पाग, म्हणजे फेकून टाकायची जाळी, घेऊन जमली होती. त्यांना मी दोष देत नाही, चढणीचा मासा खाणे ही इथली जुनी रीत आहे. पण मोकळ्या ओहोळात थोडे मासे पागात सापडतात आणि बाकीचे निसटतात, तर इथे निसटायला वाटच उरली नव्हती. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, ती माशांच्या विणीचा काळ सांभाळण्यासाठी. ओहोळातील वीण माझ्या सहीने अडली होती.

घाई करूनही भागणार नव्हते. बंधाऱ्यामागे कित्येक महिन्यांचा पालापाचोळा कुजून तळाशी साचला होता. फळ्या खालून उचकटल्या असत्या, तर प्राणवायू संपलेला तो काळा गाळ थेट डोहात उतरून थकलेले मासेच आधी गुदमरले असते. म्हणून मधल्या गाळ्यापासून, म्हणजे दोन खांबांमधल्या मधल्या भागापासून, वरून एकेक फळी काढायचे मी ठरवले. लाकूड फुगून खाचेत घट्ट बसले होते आणि पाण्याचा दाब त्याला आणखी आवळत होता. पहारीने फट करून दोर अडकवला, तेव्हा पाग बाजूला ठेवून तीच माणसे दोर ओढायला पुढे आली. तीन फळ्या निघाल्या, धार मोठी झाली, तरी एकही मासा वर जाईना.

शेजारच्या कुळागरातील वृद्ध काका बराच वेळ पाहत उभे होते. ते म्हणाले, "बाय, आता काठाचा गाळा उघड. मासा मधल्या धारेला तोंड देत नाही, कडेने चढतो. तिथे ओढ कमी असते."

आम्ही काठाकडे वळलो. मधल्या गाळ्याने पुराचा जोर घेतल्यामुळे इकडची धार सौम्य राहिली आणि दुपारपर्यंत तळच्या दोन फळ्या सोडून बाकी सर्व निघाल्या. गुडघाभर उंचीचा तो उडीचा टप्पा पहिल्या माशाने तिसऱ्या प्रयत्नात ओलांडला. त्याच्यामागून इतके गेले की मोजणे शक्य नव्हते, आणि तासभर कोणी पाग उचलला नाही.

मुदतवाढ मागणाऱ्यांत ते काकाही होते. त्यांच्या पोफळी खरोखरच सुकत होत्या, त्यामुळे पुढच्या वर्षी नुसती तारीख अलीकडे आणून चालले नसते. आम्ही त्यांच्या पाटाचे तोंड हातभर खाली नेले. आता मेच्या तिसऱ्या आठवड्यातच काठाच्या गाळ्यातील वरच्या फळ्या काढतो. पातळी तेवढी उतरली तरी पाट चालू राहतो आणि उरलेल्या फळ्यांसाठी दोन मजूर पहिला पाऊस पडेपर्यंत गावातच थांबतात.