ठसा बघितल्याशिवाय पाणी नाही

"दादा, ठसा बघितल्याशिवाय पाणी भरायचं नाही."

आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डवर वॉटर ब्लॉक, म्हणजे पाणी फिरवून कार्ड थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, नुकताच बसला होता, स्क्रूही आवळून झाले होते. आणि त्या पोराने सगळं परत उघडलं! ब्लॉक उलटा करून उजेडात धरला. मेमरीच्या बारा चिप्सपैकी अकरांचे चौकोन थर्मल पॅडवर (चिपची उष्णता ब्लॉककडे नेणाऱ्या मऊ पट्टीवर) लख्ख उमटलेले, एकाचा अर्धाच. म्हणजे ती चिप नीट टेकलीच नव्हती. तो पॅड बदलला, कोअरवरची, म्हणजे मुख्य चिपवरची, थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत पुन्हा बसवला.

४५० वॅटचं कार्ड. कोअरचं तापमान छान दिसतं आणि शेजारची मेमरी मुकाट्याने तापत राहते. गिऱ्हाइकाला पत्ताही नसतो.

मजुरी मात्र बसवण्याचीच मिळते, उघडून बघण्याची कोणी देत नाही. हे मला फार लागलं. तुमच्याकडे या कामाचे वेगळे पैसे देतात का कोणी?