लायसन्स सर्व्हर आणि तो दुसरा पोर्ट : माझा अनुभव

‘मॅडम, पोर्ट ओपन आहे.’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हटलं तरी डोकं सटकतं.

अॅबॅकस या इंजिनिअरिंग विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचा नेटवर्क लायसन्स सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना लायसन्स वाटून देणारा कॉम्प्युटर, आमच्या अंधेरीच्या ऑफिसात बसवला. तिथवर सगळं सुरळीत. विक्रोळीच्या टीमला मात्र एकही टोकन (लायसन्स मोजायचं एकक) मिळेना. सर्व्हरशी संपर्क होत नाही, एवढंच. मी तिकीट टाकलं. आयटीवाल्यांनी विक्रोळीहून 27000 या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारावर, टेलनेटने जोडणी करून दाखवली, लागलं, तिकीट बंद. पुन्हा टाकलं, पुन्हा बंद.

त्यांचं म्हणणं खरं होतं, हीच तर गोम. लायसन्स सांभाळणाऱ्या फ्लेक्सनेट या सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रोसेस चालतात. 27000 वर बसलेली एलएमजीआरडी ही प्रोसेस फक्त दुसरीचा पत्ता सांगते. ही दुसरी, टोकन मोजून देणारा व्हेंडर डेमन, दुसऱ्याच पोर्टवर असतो आणि तो पोर्ट ठरवून दिला नाही, तर सर्व्हर सुरू होताना मिळेल तो घेतो. परवानगी नसलेले पोर्ट अडवणाऱ्या फायरवॉलला तो कसा कळणार? लायसन्स फाइलमध्ये व्हेंडरच्या ओळीत पोर्ट=27011 लिहिलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि हा पोर्टही उघडायला सांगितला. तर फॉर्ममध्ये जागा एकाच पोर्टची! म्हणून नवा फॉर्म, मॅनेजरची नवी मंजुरी. बरं, साहेब रजेवर. शेवटी विक्रोळीहून एलएमस्टॅट ही लायसन्सची स्थिती दाखवणारी कमांड चालवल्यावर टोकनचा आकडा दिसला, तेव्हा मी चक्क टाळी वाजवली.

हो, लायसन्स फाइल मागवतानाच सर्व्हरचा मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) द्यावा लागतो. लॅनचा द्या, वायफायचा नको.

टोकनचा हिशोब सरळ नाही, पण सोयीचा आहे. जॉब (एक विश्लेषण) प्रोसेसरच्या जितक्या कोरवर चालवायचा, त्या संख्येचा 0.422 वा घात, गुणिले 5, अपूर्णांक सोडून द्यायचा. म्हणजे 1 कोरला 5, 4 ला 8, 8 ला 12, 16 ला 16. कोर चौपट केले तरी टोकन फार तर दुप्पट. त्यामुळे 4-4 कोरवर दोन जॉब चालवले काय किंवा 16 कोरवर एक, टोकन तेवढेच जातात. आमच्या पोरांना हे पटवायला वेळ लागला.

आणि कुणाचा तातडीचा जॉब आला, तर चालू जॉब किल करू नका, सस्पेंड करा. टोकन सुटतात, नंतर रिझ्यूम करता येतं. फक्त तेव्हा टोकन मोकळे हवेत.